नायकाचे दात

पुतण्याला पुन्हा नकार आला. नकाराचं आम्हाला आता काही वाटत नाही. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हे श्रीगोंदा तालुक्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आजवर नोकरी नाही म्हणून नकार आला, पुण्यात फ्लॅट नाही म्हणून आला, फ्लॅटचं बघू म्हटलं तर सासू त्यात राहायला येणार का म्हणून आला. सगळे पचवले. पण ह्या वेळी मध्यस्थानं फोनवर जे कारण सांगितलं ते ऐकून आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे आण्णांनी, तोंडाशी नेलेली बशी तिथंच थांबली.

"मुलगा चांगलाय, शेती बरीय. पण मुलीला तो रोमँटिक वाटला नाही."

"काय वाटला नाही?"

"रोमँटिक."

"म्हणजे किती एकर?" आण्णांनी विचारलं.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पोहे झाल्यावर दोघांना मोकळं बोलायला गच्चीवर धाडलं होतं. तिथं आमच्या पठ्ठ्यानं तिला उसावरच्या हुमणीची साद्यंत माहिती दिली. अळी मुळ्या कशी खाते, ऊस वरून कसा पिवळा पडत जातो आणि ओढला की कसा अलगद हातात येतो, भुंगेरे कुठल्या झाडावर बसतात. मुलीनं मध्येच एकदा, "वारा किती छान सुटलाय ना?" असं म्हणून पाहिलं. त्यावर हा म्हणाला, "हो, फवारणीला वाईट."

घरात बैठक बसली. वहिनी म्हणाल्या, "नाना, तुम्ही जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं. कादंबऱ्या वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढवला. आता घरच्या पोराला तेवढं रोमँटिक करून द्या." मराठी साहित्याचा कुणाला काही उपयोग असेल, असं माझ्या अख्ख्या नोकरीत कुणी म्हटलं नव्हतं. मी भारावलो. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांना सांगताय होय?" एवढंच म्हणाली, पण त्यात सगळं आलं.

काष्टी म्हटलं की महाराष्ट्राला बैल आठवतात. दौंडहून भीमा ओलांडून नगरच्या रस्त्यानं आलं की आमचं गाव लागतं, आणि शनिवार असेल तर ते गाव न दिसता फक्त शिंगं दिसतात. इथं प्रेमकथा घडल्याची नोंद नाही. घडल्या असतील तर बाजाराच्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आल्या नसतील. तरी मी पुतण्याला धीर दिला.

"अरे, मराठीतल्या प्रेमकादंबरीचा सगळ्यात मोठा कारखानदार आपल्या शेजारच्या तालुक्यातला. ना. सी. फडके. १८९४ साली कर्जतला जन्मले."

"रायगडातल्या?"

"नाही रे, आपल्या नगर जिल्ह्यातल्या."

"कर्जतचा माणूस रोमँटिक?" पुतण्याचा विश्वास बसेना. कर्जतच्या एका लिंबाच्या व्यापाऱ्याकडून त्याचे पैसे यायचे होते.

वाचनालयातून १९२९ सालची 'दौलत' आणली. फडक्यांचा नायक मला विद्यार्थिदशेत फार आवडायचा. इस्त्रीचे कपडे, टेनिसची रॅकेट, भांग असा की मुंगीनं चढायचं म्हटलं तरी घसरावी. आमच्या कॉलेजात मीही एकदा पांढरी पँट शिवून घेतली होती, ती पहिल्याच दिवशी वसतिगृहाच्या मेसमध्ये आमटीला बळी पडली. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायचे, आणि कादंबरी कशी बेतायची ह्यावर 'प्रतिभासाधन' नावाचं पुस्तकही त्यांनी लिहिलं. म्हणजे योगायोगानं नायक-नायिकेची धडक होते, ती अगदी तर्कशुद्ध धडक.

पुतण्यानं चाळीस पानं वाचली आणि मला गोठ्यात गाठलं.

"नाना, हा करतो काय?"

"प्रेम."

"ते कळलं. पोटाला काय करतो?"

"घरचा बरा आहे."

"मग रात्रीची लाइट आल्यावर दारं कोण धरतं?"

फडक्यांनी सत्तरच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतला एकही नायक रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला गेल्याचं मला आठवेना. मी विषय बदलून योगायोगाकडे वळवला. नायक-नायिकेची पहिली भेट अचानक व्हायला हवी, पुस्तकं पडायला हवीत, दोघांनी एकदम वाकायला हवं. पोरगं आज्ञाधारक. दौंडला खताच्या चौकशीला गेलं असताना स्टेशनच्या जिन्याजवळ योगायोगाची वाट बघत उभं राहिलं. योगायोग झालाही. मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेतलेल्या एका बाईंना हा समोरून धडकला. जुड्या पडल्या, दोघं एकदम वाकले, डोक्याला डोकं लागलं, आणि बाईंनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. येत्या रविवारी ज्या स्थळाकडे जायचं होतं त्या मुलीची ती सख्खी आत्या निघाली. इतका जमून आलेला योगायोग फडक्यांनासुद्धा साधला नसता. रविवारचा कार्यक्रम अर्थातच रद्द झाला.

ह्या निमित्तानं घरात एक वेगळीच गोष्ट उघड झाली. आमच्या घरात प्रत्येकाच्या मनात एकेक नायक वर्षानुवर्षं बिनभाड्याचा राहतोय, आणि त्यांतला एकही आमच्या घराण्यातला नाही.

आई नव्वदीला टेकली आहे. तिला वाचता येत नाही. तिच्या लहानपणी शेजारच्या मास्तरीणबाई दुपारच्या वेळी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' मोठ्यानं वाचायच्या. १८९० च्या सुमाराची ती कादंबरी आईनं उंबऱ्यावर बसून, धान्य पाखडत ऐकली. तिचा नायक रघुनाथराव, यमूचा नवरा.

"त्यो बायकूला लिव्हा-वाचायला शिकवायचा," आई म्हणाली. "तिच्याशी बोलायचा. इचारायचा तिला. तुझ्या बापानं मला उभ्या जन्मात नावानं हाक नाही मारली. 'अगं ए' म्हणायचा. गाईला पण 'अगं ए'च म्हणायचा. आम्ही दोघी एकदम वळून बघायचो."

मी उत्साहानं म्हटलं, "आणू का पुस्तक? वाचून दाखवतो."

"वाच. पर ती दोघं ममईला जाऊन बिऱ्हाड करत्यात ना, तिथवरच वाच. फुडचं नको."

पुढं काय होतं ते तिला पक्कं ठाऊक आहे. रघुनाथराव मरतो, यमूचे हाल होतात. हरिभाऊंनी ती कादंबरी विधवांच्या छळावर लिहिली, समाजानं लक्षात घ्यावं म्हणून. आमच्या आईनं मात्र सत्तर-पंचाहत्तर वर्षं त्यातला नवरा तेवढा काढून घेतला आणि बाकीचा मजकूर हरिभाऊंना साभार परत केला.

वहिनींचा नायक देवदास. शरच्चंद्रांची ती बंगाली कादंबरी १९१७ ची. सैगलचा सिनेमा वहिनींच्या वडिलांनी पाहिला, दिलीपकुमारचा आईनं, आणि २००२ सालचा शाहरुखचा स्वतः वहिनींनी, दौंडला, रिक्षा करून. एकाच दारुड्यावर दोन पिढ्या खर्ची पडल्या. आण्णा म्हणाले, "असले देवदास आपल्या एसटी स्टँडवर डझनानं पडलेले असतात. त्यांच्याकडं बघून नाक मुरडता." वहिनी म्हणाल्या, "ते कुठं पारोसाठी पितात? ते उसाचं बिल आलं की पितात." ह्यावर आण्णांकडे उत्तर नव्हतं.

सौ.चा नायक कोण, हे मी विचारणार नव्हतो. तिनं आपण होऊन सांगितलं. रणजित देसायांच्या 'स्वामी'तले माधवराव पेशवे. "सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला गेले," ती म्हणाली, "तेवढ्या आयुष्यात निजाम बघितला, हैदर बघितला, घरात राघोबादादा बघितले. आणि एवढं सगळं करून रमेशी दोन शब्द गोड बोलायला त्यांना सवड होती. तुम्हाला डेअरीवर दूध घालून आलं की बोलायला दम राहत नाही." मी म्हटलं, माधवरावांना फॅट लागत नाही म्हणून कुणी दूध परत केलं नव्हतं. ती म्हणाली, "बघा, म्हणजे बोलता येतं तुम्हाला. भांडायला येतं."

आण्णा कितीही नाही म्हणाले तरी सुटले नाहीत. ऊसतोड चालू असताना त्यांच्या तरुणपणी फडात एक दिवाळी अंक सापडल्याची कथा भावकीत प्रसिद्ध आहे. 'रंभा'चा १९६२ चा अंक, त्यात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा'. ती कथा अश्लील आहे की नाही ह्यावरचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ साली न्यायालयानं ती अश्लील नाही असा निकाल दिला. एवढा गाजावाजा झालेली चीज आण्णांच्या टोळीनं खटपट करून मिळवली होती. "कोर्टाचं बरोबर होतं," आण्णा अजूनही कडवटपणे म्हणतात. "आम्ही उसात बसून तीन-तीनदा वाचली. काही सापडलं नाही."

मी पुतण्याला फडक्यांकडून काढून खांडेकरांकडे नेलं. खांडेकरांचा नायक टेनिस खेळत नाही. तो ध्येयवादी असतो, दुःखी असतो, आणि बोलतो ते थेट फळ्यावर सुविचार म्हणून लिहिता येतं. शाळेत मी हजारो सुविचार खांडेकरांचेच लिहिले, तेव्हा हा माझा प्रांत. पोराला चांगली तयारी करून दिली. पुढच्या स्थळाला मुलीच्या वडिलांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "शिक्षण किती?"

पुतण्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खरं शिक्षण पुस्तकात नसतं. ते माणसाला जखमा देऊन जातं."

"म्हणजे नापास का?" वडिलांनी मला विचारलं.

पोरगं बी. ए. आहे हो. प्रथम वर्ग. पण जखमेचं नाव निघाल्यावर पाहुण्यांना ते पटेना.

त्याच बैठकीत माझ्या तोंडून 'ययाति'चा विषय निघाला. १९५९ ची कादंबरी, १९७४ चं ज्ञानपीठ वगैरे मी सांगत होतो. कथानक ऐकून मुलीचे आजोबा जागे झाले. "म्हणजे बापानं पोराचं तारुण्य घेतलं?" "हो," मी म्हटलं, "पुरूनं आनंदानं दिलं." आजोबांनी आण्णांकडे वळून विचारलं, "तुमच्याकडं सातबारा कुणाच्या नावावर आहे?" आण्णा गप्प बसले. सातबारा आण्णांच्याच नावावर आहे आणि ते हयात असेतो तिथंच राहणार आहे. कादंबरीतल्या बापापेक्षा आमचा बाप बरा की वाईट, ह्यावर गाडीत काष्टीपर्यंत वाद झाला.

पुतण्याचे मित्र म्हणाले, सर, ह्याला तुमची पुस्तकं नकोत, 'दुनियादारी' दाखवा. सुहास शिरवळकरांची कादंबरी १९८२ ची आहे असं मी सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या मते ती २०१३ साली सिनेमागृहात जन्मली. दाखवली. पुतण्यावर परिणाम एवढाच झाला की तो कट्ट्यावर जास्त बसायला लागला आणि गोठा मला झाडावा लागला.

मध्ये एका शनिवारी तो मला बाजारात घेऊन गेला. खोंड बघायचा होता. माझ्या काखेत वाचनालयात परत करायची कादंबरी होती. एक हेडी, म्हणजे बैलांचा दलाल, आपल्या बैलापुढे उभा राहून बोलत होता.

"बघा मास्तर, कपाळ बघा. डोळं बघा, काजळ घातल्यावानी. वशिंड बघा. चाल बघा, कशी राजावानी. लेकराच्या हातानं चालतंय. मारत नाही, बसत नाही. ह्याला इकताना माझ्या बायकूनं दोन दिस भाकर खाल्ली नाही."

मी थक्क झालो. भव्य कपाळ, पाणीदार डोळे, डौलदार चाल, आणि मागं झुरणारी एक स्त्री. हे मी शेकडो पानं वाचलं होतं, फक्त बैल सोडून. तेवढ्यात एक म्हातारं गिऱ्हाईक पुढं आलं. कपाळाकडं, वशिंडाकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. सरळ बैलाच्या नाकात हात घालून मान वर केली, ओठ खाली ओढला आणि खालच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"चारदाती सांगतोयस होय रं? हा तर कवाच जुळलाय."

हेड्यानं क्षणभर आभाळाकडं बघितलं. मग दोघांच्या हातांवर रुमाल पडला आणि रुमालाखाली बोटं बोलायला लागली. वरून दोघांचे चेहरे दगडासारखे.

काखेतल्या पुस्तकाचं वजन मला एकदम जाणवलं. १८६१ च्या 'मुक्तामाले'पासून आजवर एवढे नायक बाजारात आले, कुण्या वाचकानं कधी एकाचा ओठ खाली ओढून बघितला नाही. १९२९ साली जो दोनदाती होता तो आजही दोनदातीच आहे. कादंबरी लग्नाला किंवा मरणाला थांबते. मधली तीसेक वर्षं, ज्यात दात जुळतात आणि मग पडायला लागतात, ती लेखक रुमालाखाली ठेवतो. पुतण्याला हे सांगायला गेलो, तर तो दुसऱ्या खोंडाच्या शेपटीचा गोंडा तपासत होता.

शेवटचा इलाज म्हणून मी इंग्रजी साहित्यातून मिस्टर डार्सी आणला. जेन ऑस्टिनबाईंची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ ची आहे, पण घरात तिचं कथानक सांगताना एकही गोष्ट परकी वाटली नाही. पाच पोरी, आईला लग्नाचा घोर, आणि नृत्याच्या कार्यक्रमात डार्सी शिरल्यावर पाच मिनिटांत सगळ्या दिवाणखान्यात पसरलेली बातमी की ह्याचं सालाचं उत्पन्न दहा हजार पौंड. "बागायत असणार," आण्णा म्हणाले. पुढं नायिका त्याला झिडकारते आणि त्याची इस्टेट पाहून आल्यावर तिचं मन वळायला लागतं, हेही त्यांना पसंत पडलं. "आधी घर बघून घ्यावं माणसानं. रीतच हाय ती."

१९९५ साली बीबीसीनं ह्याच्यावर मालिका काढली. त्यात डार्सी तळ्यात सूर मारतो आणि पुढं ओल्या सदऱ्यानिशी नायिकेसमोर येतो. हा प्रकार मूळ पुस्तकात नाहीच. तरी त्या ओल्या सदऱ्यावर साऱ्या इंग्लंडच्या बाया भाळल्या, इतक्या की २०१३ साली लंडनच्या हाइड पार्कातल्या तळ्यात ह्या डार्सीचा बारा फुटी पुतळा उभा केला. आमचा पुतण्या कालव्यातून मोटारीचा 'फुटबॉल', म्हणजे फूटव्हॉल्व्ह, काढून रोज ओल्या बनियनवर घरी येतो. पुतळा राहू द्या, "पायपुसण्यावर उभा राहा, सगळी फरशी भिजवली" एवढंच ऐकतो.

डार्सीचं मुख्य भांडवल म्हणजे त्याचं तुटक, गर्विष्ठ मौन. हे पुतण्याला झेपेल असं मला वाटलं. हुमणीचा धोका तरी टळला असता. त्याला बजावलं, काही बोलू नकोस, कुणी विचारलं तरी लांब कुठंतरी बघ. त्यानं अक्षरशः तेच केलं. पाहुण्यांनी नाव विचारलं, हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन: "कानाची तपासणी करून रिपोर्ट पाठवला तर पुढं बोलू म्हणतात."

ह्यानंतर पुतण्यानं माझ्याकडून शिकणं बंद केलं. पुढच्या स्थळाला तो जसा आहे तसाच गेला. मुलगी चांगली शिकलेली, हसतमुख. तिनं विचारलं, "वाचनाची आवड आहे का?" हा म्हणाला, "नाही. काका बळंच वाचायला लावतात. 'अमृतवेल' घेऊन मोटारीपाशी बसलो होतो, तिथंच डोळा लागला. सकाळी उठून बघतो तर लिंबाच्या बागेत तळं." मुलगी एवढी हसली की आतल्या खोलीतून तिची आई धावत आली. आम्ही एकमेकांकडं बघितलं. वहिनींनी मनातल्या मनात बस्ता बांधून टाकला. मुलीनं, आहे का ते पुस्तक, असं विचारलं; ह्यानं गाडीतून आणून दिलं. १९६७ ची कादंबरी, वाचनालयाचा शिक्का, आणि पंचेचाळिसाव्या पानावर चिखलाचा अंगठा.

चार दिवसांनी निरोप आला. मुलीला नोकरदार पाहिजे. मुलगा फार मोकळा आणि प्रामाणिक वाटला, पण जमणार नाही. पुस्तक वाचून झालं की पाठवतो.

पुस्तक आलेलं नाही. मध्ये पुतण्याच्या मोबाइलवर तिचा एक मेसेज आला म्हणे. वहिनींनी घाईघाईनं मला चष्मा आणून दिला आणि वाचायला लावलं. तिनं लिहिलं होतं, "देवदत्त फार आवडला. खांडेकरांचं अजून काही आहे का?"

घरच्यांनी मला विचारलं, ह्याचा अर्थ काय? मराठीचा शिक्षक म्हणून मला तो स्पष्ट सांगता आला. नायक पसंत आहे, पोरगा नापसंत आहे. आण्णा म्हणाले, "मग 'हिरवा चाफा' पाठवू नका. 'क्रौंचवध' पण नको. एक पुस्तक गेलं तेवढं बास. डिपॉझिट आपलं आहे." पुतण्या काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात 'हिरवा चाफा' मागायला गेलो तर तो आधीच कुणीतरी नेलेला होता. वहीत सही बघितली. पुतण्याची होती.

तर वाचकहो, मुलगा निर्व्यसनी आहे, बी. ए. प्रथम वर्ग आहे, कान उत्तम आहेत, रिपोर्ट तयार आहे. पाच एकर बागायत, ऊस आणि लिंबू. सातबाऱ्याचं आण्णांशी बोलणं चालू आहे. तो मुलीला नावानं हाक मारील, ह्याची हमी मी घेतो. कुणाच्या पाहण्यात स्थळ असेल तर अवश्य कळवावं. घर बघायला शनिवार सोडून कधीही यावं.